उभ्या सागाचं मोल ताळेबंदात: आकडा एक्सेलमध्ये कमी आणि रानात जास्त चुकतो

प्रश्न असा आहे: विदर्भातल्या एका कंपनीची ४० हेक्टर सागाची लागवड आहे, झाडांचं वय १४ वर्षं. मूळ कंपनीला इंड एएस, म्हणजे भारतीय लेखामानकं लागू, म्हणून आता हिलाही लागू. आजवर रोपं, खड्डे, निंदणी, राखणदार यांचा सगळा खर्च 'अपूर्ण भांडवली कामे' या खात्यात साठत आला. ऑडिटर रास्त मूल्य, म्हणजे आज बाजारात येईल ती किंमत, मागतो आहे. संचालक विचारतात, झाड उभं आहे, विकलेलं नाही, मग नफा कसला? आणि आकडा आणायचा कुठून?

संचालकांच्या शंकेचं आधी बघू. शेतीसाठीचं, म्हणजे वाढत्या झाडांचं आणि जनावरांचं मानक इंड एएस ४१ हे आयएएस ४१ या आंतरराष्ट्रीय मानकाचं भारतीय रूप. मूळ मानक डिसेंबर २००० मध्ये आलं आणि १ जानेवारी २००३ पासून लागू झालं. त्याचं म्हणणं सरळ आहे: झाडात वाढ हीच उत्पादनाची क्रिया आहे आणि ती दरवर्षी होते. ३० वर्षं नुसता खर्च साठवला, तर २९ वर्षं पत्रकं मुकी राहतात आणि तिसाव्या वर्षी सगळा नफा एकदम येऊन पडतो. शिवाय खर्चाच्या पद्धतीत निम्मी जळालेली लागवड आणि जोमात वाढलेली लागवड ताळेबंदात एकसारखीच दिसू शकते, कारण दोन्हींवर पैसा सारखाच गेलेला असतो. म्हणून दर ताळेबंदाला रास्त मूल्य वजा विक्रीखर्च, आणि फरक थेट नफा-तोटा पत्रकात.

हा नफा वाटून टाकला जाईल ही भीती मात्र बाळगू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२३ नुसार लाभांशासाठी नफा मोजताना असे न वसूल झालेले, कागदी लाभ आणि रास्त मूल्यामुळे झालेले बदल वगळावेच लागतात. त्यासाठी रास्त मूल्याच्या फरकाची वेगळी नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. दहा वर्षांनी लाभांश जाहीर करायची वेळ आली आणि राखीव निधीतला किती भाग कागदी आहे हे शोधत बसावं लागलं, की फार त्रास होतो.

आता काय धरायचं आणि काय नाही. लाकडासाठी वाढवलेला साग, निलगिरी, सुबाभूळ, शिवण ही जैविक मालमत्ता. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मधल्या ताळेबंदाच्या नमुन्यात तिच्यासाठी 'फलधारी वनस्पती वगळून इतर जैविक मालमत्ता' अशी स्वतंत्र ओळ आहे. जून २०१४ च्या दुरुस्तीनंतर, २०१६ पासून, वर्षानुवर्षं उत्पन्न देणारी आणि स्वतः विकली न जाणारी झाडं इंड एएस १६ कडे, म्हणजे यंत्रासारखी, घसाऱ्यासह गेली. तिथे झाडावरचं वाढतं फळ तेवढं ४१ मध्ये राहतं. सागाचा त्यात प्रश्नच येत नाही. नैसर्गिक जंगल, जिथे फक्त तोड होते आणि वाढीचं व्यवस्थापन नाही, तेही ४१ मध्ये बसत नाही. आणि एक गोष्ट कागद कंपन्यांच्या बाबतीत वारंवार चुकते: शेतकऱ्यांना निलगिरीची किंवा सुबाभळीची रोपं वाटली, खरेदीचा करार केला, म्हणून ती झाडं कंपनीची होत नाहीत. नियंत्रण शेतकऱ्याकडे आहे. कंपनीकडे फार तर आगाऊ रक्कम आणि करार आहे.

जमीन वेगळी. मालकीची असेल तर इंड एएस १६, भाडेपट्ट्याची असेल तर इंड एएस ११६ प्रमाणे वापरहक्काची मालमत्ता. जमीन आणि झाडं मिळून एक किंमत काढायची आणि त्यातून जमीन वजा करायची, अशी मुभा मानकात आहे; पण जिथे जमिनीचा भाव प्लॉटिंगच्या आशेने चढलेला आहे तिथे ती वापरू नका. ४० लाखांच्या जमिनीच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, तर ५ लाखांची झाडं एकतर ९ लाखांची होतात नाहीतर १ लाखाची.

खरं काम मोजणीपासून सुरू होतं. ऑडिटच्या बैठकीत सगळा वाद वटाव दरावर, म्हणजे पुढची रक्कम आजच्या मोलात आणायच्या टक्क्यावर होतो, कारण तो एकच आकडा सगळ्यांना दिसतो. त्याच्याइतकीच मोठी चूक रानात होते आणि ती कुणाला दिसत नाही.

४० हेक्टरवरचं प्रत्येक झाड मोजायची गरज नाही. आधी लागवडीचे भाग पाडा: लागवडीचं वर्ष आणि जमिनीची प्रत या दोनच गोष्टींवर. काळ्या खोल मातीतला आणि मुरमाड उतारावरचा साग एकाच वयाचा असला तरी त्यांचा घेर कधीच जुळत नाही. मग ०.१ हेक्टरचे नमुना भूखंड टाका. गोल भूखंडाची त्रिज्या १७.८४ मीटर येते, दोरीने आखायला सोपी. किती भूखंड? झाडांच्या घनफळातला चढउतार ३० टक्के धरला आणि १० टक्क्यांच्या आत अंदाज हवा असेल, तर २ गुणिले ३० भागिले १०, याचा वर्ग, म्हणजे ३६ भूखंड. एकूण क्षेत्राच्या ९ टक्के. तिघांच्या पथकाला आठवडाभराचं काम आहे. भूखंडाची जागा जाळीवर आधीच ठरवून द्या आणि जीपीएसवर नोंदवा. राखणदाराला जागा निवडायला सांगितली तर रस्त्याकडेची चांगलीच झाडं येतात.

प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. उतारावर असाल तर वरच्या बाजूने मोजा. खोड त्या उंचीच्या खाली दुभागलं असेल तर दोन झाडं धरा. फीत तिरकी जाऊ देऊ नका. नोंदीच्या तक्त्यावर 'घेर' आणि 'व्यास' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. व्यासाचा आकडा घेराच्या रकान्यात पडला, की घनफळ दहापट कमी येतं, आणि उलट झालं तर दहापट जास्त. इतकी ढोबळ चूक चटकन पकडली जाते असं वाटतं, पण एका भूखंडातच झाली असेल तर सरासरीत लपून जाते.

मोजणी कधी करायची? मार्चअखेरीची वाट पाहू नका. साग पावसाळ्यात वाढतो. हिवाळा लागला की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि मग पानं गळतात. त्यामुळे डिसेंबरात घेतलेला घेर ३१ मार्चला तसाच वापरता येतो, वाढीची दुरुस्ती जवळपास लागत नाही. मधल्या काळातली तोड, चोरी आणि वणवा मात्र वजा करायला विसरू नका. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीतच सुरू होतो. उलट सप्टेंबरातली मोजणी वापरली तर पुढच्या महिन्यांतली वाढ सुटते, आणि जूनमधली वापरली तर आख्खा पावसाळा.

आता घनफळ आणि भाव, आणि इथेच सगळ्यात महाग चूक होते. ओंडक्याचं खरं घनफळ म्हणजे घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले १२.५७. लाकडाच्या व्यापारात मात्र जुनी क्वार्टर गर्थ पद्धत चालते: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. म्हणजे भागाकार १२.५७ ऐवजी १६ ने. या पद्धतीने येणारं घनफळ खऱ्याच्या ७८.५ टक्केच असतं. त्यात कापणीतली घट आणि साल जमेस धरलेली असते, म्हणून व्यापारी ती सोडत नाहीत. खरा १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, पण क्वार्टर गर्थने तो २७.७ घनफूटच भरतो. वनशास्त्रीय कोष्टकं किंवा समीकरणं खरं घनफळ देतात. लिलावाचा दर क्वार्टर गर्थ घनफळावर असतो. दोन्ही जसेच्या तसे गुणले, की उत्पन्न २७ टक्के फुगतं. लिलावाच्या पत्रकावर मोजणीची पद्धत लिहिलेली नसेल तर लिलाव होतो त्या लाकडाच्या आगारात जाऊन विचारा. ओंडक्याची लांबी, मधला घेर आणि पत्रकावरचं घनफळ घेऊन एकदा स्वतः गणित केलं, तरी पद्धत पाच मिनिटांत कळते.

दुसरी चूक दराच्या सरासरीची. बल्लारपूर किंवा आलापल्लीच्या लिलावाचा सरासरी दर आपल्या तिसाव्या वर्षी तोडायच्या लागवडीला लावायचा मोह होतो. त्या आगारांत नैसर्गिक जंगलातला, जुना, भरपूर गाभ्याचा सागही असतो. लागवडीतल्या तरुण सागात पांढरं लाकूड जास्त, गाठी जास्त, आणि जाड घेराचे ओंडके कमी. सागाचा दर घेराच्या वर्गाप्रमाणे पायरीपायरीने चढतो, म्हणून अंदाजही त्याच पायऱ्यांवर हवा: प्रत्येक घेरवर्गातली झाडं, त्यातून निघणारे ओंडके, बल्ल्या, फाटे आणि जळाऊ लाकूड, आणि प्रत्येकाचा त्या वर्गाचा, लागवडीच्या लाकडाचा दर. दरात जीएसटी धरलेला नाही ना, तेही पाहा.

१९९० च्या दशकातल्या सागवान योजना अनेकांना आठवत असतील. काही रोपांच्या बदल्यात वीस वर्षांनी लाखो रुपयांची आश्वासनं. शेवटी १९९९ मध्ये सेबीला, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाला, सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणावे लागले. त्या माहितीपत्रकांतलं गणित अशाच दोन चुकांवर उभं होतं: जुन्या जंगली झाडाचा घेर आणि जुन्या जंगली झाडाचा दर, पण वय विशीतलं. आजही काही मूल्यांकन अहवालांत वाढीचा तोच आलेख चिकटवलेला सापडतो. त्याला उत्तर एकच, आपल्या भूखंडांतली आपलीच मोजणी. १४ व्या वर्षी तुमचा सरासरी घेर आलेखाच्या ८० टक्के असेल, तर पुढचा आलेखही त्याच प्रमाणात खाली आणा. पुढे झाड अचानक गती घेईल असं धरू नका.

कोवळ्या सागाला बाजार नाही. १४ वर्षांची उभी लागवड विकत घेणारे इतके थोडे आहेत की भाव ठरत नाही. त्यामुळे भावी रोख प्रवाहांचं वर्तमान मूल्य काढावं लागतं. रास्त मूल्याच्या मानकाच्या, इंड एएस ११३ च्या भाषेत हा तिसरा स्तर, म्हणजे बाजारात न दिसणाऱ्या अंदाजांवर उभं मूल्य. हिशेबाची रीत कळावी म्हणून एका हेक्टरचं उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, ते उचलून वापरू नका. सगळे आजच्या किमतीत, महागाई न धरता, आणि प्रत्येक रक्कम वर्षअखेरीस.

आज हेक्टरी ८०० झाडं, त्यातली ५० पुढे मरतील. आजपासून चौथ्या वर्षी विरळणीत, म्हणजे उरलेल्यांना जागा करण्यासाठीच्या तोडीत, ३०० झाडं, बहुतेक बल्ल्या. खर्च वजा जाता १,५०,०००. दहाव्या वर्षी दुसरी विरळणी, २०० झाडं, निव्वळ ४,००,०००. सोळाव्या वर्षी, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी, उरलेली २५० झाडं, प्रत्येकी ०.२५ घनमीटर, एकूण ६२.५ घनमीटर, दर ४०,००० रुपये. ढोबळ २५,००,०००, तोड, ओढणी आणि वाहतूक २,५०,०००, निव्वळ २२,५०,०००. दरवर्षीचा खर्च ३५,००० रुपये: त्यातले २०,००० राखणदार, जाळरेषा आणि निगराणीचे, तर १५,००० जमिनीचं काल्पनिक भाडं.

भाडं कशाला, जमीन तर आपलीच? कारण इथे फक्त झाडांची किंमत काढायची आहे. नुसती झाडं विकत घेणाऱ्याला सोळा वर्षं जमीन वापरायचं भाडं द्यावंच लागलं असतं. हे वजा केलं नाही तर जमिनीची कमाई झाडांत मिसळते आणि ताळेबंदात जमीन दोनदा बसते.

महागाई वगळलेला ९ टक्के दर लावला तर पहिल्या विरळणीचे आजचे १.०६ लाख, दुसरीचे १.६९ लाख, अंतिम तोडीचे ५.६७ लाख, त्यातून खर्चाचे २.९१ लाख वजा. हेक्टरी साधारण ५.५१ लाख, ४० हेक्टरला २.२० कोटी.

आता हा आकडा हलवून पाहू. दर ९ ऐवजी ११ टक्के घेतला तर हेक्टरी ४.०५ लाख उरतात, १.४६ लाखांची घट. दर ९ टक्केच ठेवून अंतिम तोडीच्या घनफळात क्वार्टर गर्थची चूक सुधारली, म्हणजे ६२.५ ऐवजी ४९.१ घनमीटर धरले, तर ४.१६ लाख. घट १.३५ लाखांची. वटाव दरात दोन टक्क्यांचा फरक असेल तर संचालक मंडळ दोन बैठका घेतं. तेवढ्याच पैशाची दुसरी चूक मोजणीच्या तक्त्यात शांतपणे पडून असते.

दरातली खरी घोडचूक वेगळी आहे. भाव आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवायचे आणि वटाव दर मात्र महागाई वगळलेला ९ टक्केच ठेवायचा. वरच्याच उदाहरणात असं केलं तर हेक्टरी किंमत ५.५१ लाखांवरून थेट १४.३ लाखांवर जाते, कारण प्रत्यक्षात दर २.८ टक्केच उरतो. महागाई धरायची तर दरही १५.५ टक्के हवा. दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा. महागाई कमी असलेल्या देशांत ही चूक काही टक्क्यांची असते. आपल्याकडे, किंवा आफ्रिकेतल्या, लॅटिन अमेरिकेतल्या चढ्या महागाईच्या देशांत, ती ताळेबंद उलटा करते. तिथले अहवाल वाचताना सगळ्यात आधी हीच जोडी तपासावी.

कराचीही अशीच जोडी आहे. पूर्वी मानकात रोख प्रवाहातून कर वगळायला सांगितलं होतं. ती अट काढून टाकली. भारतात मार्च २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून. आता करपश्चात प्रवाहाला करपश्चात दर, करपूर्व प्रवाहाला करपूर्व दर. पुन्हा लागवड करण्याचा खर्च मात्र अजूनही प्रवाहात घ्यायचा नाही, आणि कर्जाचं व्याजही नाही. जोखमीबाबतही तोच नियम: वणवा आणि चोरीमुळे झाडं कमी धरली असतील, तर त्याच कारणासाठी दरात पुन्हा दोन टक्के मिळवू नका.

दर ठरवायचा कसा? शेअर बाजारातून सूत्राने काढलेला दर सागाला कुठे लागू पडतो, हे सांगणं कठीण. त्यापेक्षा लागवडीच्या वेळची परिस्थिती घ्या: त्या दिवशीचा लागवडखर्च आणि त्या दिवशी अपेक्षित असलेले प्रवाह ज्या दराने जुळतात, तो दर पाया म्हणून धरा आणि पुढे बाजार बदलला तसा बदला. याने एक नेहमीची विकृती टळते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेक कंपन्या खर्चच रास्त मूल्याच्या जवळ मानतात; फारशी वाढ झालेली नसेल तर मानकही ते चालवून घेतं. मग चौथ्या वर्षी रोख प्रवाहावर गेलं की एका रात्रीत मोठा नफा दिसतो. दर खर्चाशी जुळवून घेतलेला असेल तर ही उडी येत नाही. उडी आली, तर ती झाडांची वाढ नसून दराची निवड आहे, असं समजून परत तपासा.

तुमच्या कंपनीला पहिल्यांदाच इंड एएस लागू होत असल्यामुळे तीन तारखांचं मूल्यांकन लागेल. पहिलं वर्ष २०२५-२६ असेल तर १ एप्रिल २०२४, ३१ मार्च २०२५ आणि ३१ मार्च २०२६. दोन वर्षांपूर्वीची झाडं आज मोजता येत नाहीत; म्हणून आजच्या घेरातून दोन हंगामांची वाढ मागे न्या आणि मधल्या काळात विरळणीत गेलेली किंवा मेलेली झाडं नोंदवहीतून परत मिळवा. वाढ मागे नेताना आजची माहिती वापरणं अटळ आहे, पण भाव त्या-त्या तारखेचेच घ्या. पुढे लिलावात दर पडला हे आज माहीत आहे, म्हणून २०२४ चा दर कमी करायचा नाही. १ एप्रिल २०२४ चा साठलेला खर्च आणि रास्त मूल्य यांतला फरक थेट राखीव निधीत जाईल, नफा-तोटा पत्रकातून नाही.

पुढच्या वर्षीची नोंद कशी दिसेल? वरच्या उदाहरणात काहीच बदललं नाही, नुसतं एक वर्ष गेलं, तर हेक्टरी ५.५१ लाखांचे ६.३६ लाख होतात. वाढ सुमारे ८५ हजारांची. लाकडाचा दर ५ टक्क्यांनी पडला असेल तर अंतिम तोडीतून ३४ हजार कमी. नफा-तोटा पत्रकात निव्वळ ५० हजार. या दोन कारणांची फोड करून दाखवायला मानक फक्त प्रोत्साहन देतं, सक्ती नाही. तरी कराच. वाढीचे ८५ हजार दरवर्षी सातत्याने येत राहतात, भावाचे ३४ हजार उद्या उलट फिरू शकतात. दोन्ही एका ओळीत घातले तर बँकेला काहीच कळत नाही. निगराणीचा खर्च आधी मालमत्तेत मिळवायचा की थेट नफा-तोट्यात टाकायचा, हे मानक सांगत नाही. निव्वळ नफा दोन्हीत सारखाच. फक्त एकदा ठरवलं की बदलू नका.

तोड झाली की त्या क्षणाचं रास्त मूल्य वजा विक्रीखर्च हाच ओंडक्यांचा 'खर्च' बनतो आणि माल इंड एएस २ प्रमाणे साठ्यात जातो. त्यामुळे आगारात पडलेलं लाकूड वर्षभर न विकलं गेलं तरी त्याचं मूल्य वाढवत न्यायचं नाही. वाहतूकखर्च 'विक्रीखर्चात' धरायचा नसतो, रास्त मूल्य काढतानाच वजा होतो. शेवटचा आकडा तोच येतो, पण टिपणीत चूक दिसली की ऑडिटर बोट ठेवतो.

अनुदानाचं थोडक्यात: विनाअट असेल तर मिळण्यास पात्र झालं त्या क्षणी उत्पन्न, रोपं जगल्याची पाहणी झाल्यावर हप्ता मिळणार असेल, तर पाहणी होईपर्यंत तो उत्पन्नात धरू नका.

करात दोन वेगळे मुद्दे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनय कुमार सहस रॉय प्रकरणात १९५७ मध्ये ठरवलं की जमिनीवर मशागत, पेरणी, लागवड अशी मूळ कामं झाली असतील तरच वनातलं उत्पन्न शेतीउत्पन्न. आपोआप उगवलेल्या झाडांचं नाही. तुमची लागवड पहिल्या गटात बसते, पण मशागतीचे, खड्ड्यांचे, मजुरीचे जुने कागद त्यासाठी जपावे लागतील. उत्पन्न करमुक्त ठरत असेल तर रास्त मूल्याच्या वाढीवर स्थगित कर, म्हणजे पुढे भरावा लागेल म्हणून आज नोंदवायचा कर, उभा राहत नाही. त्याच शिवारात काही भाग नैसर्गिक झाडांचा असेल, तर त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

राहिला मालकीचा आणि तोडीच्या हक्काचा प्रश्न. इथे भारतातला साग युरोपातल्या पाइनपेक्षा वेगळा पडतो. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरचा साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर परवानगी अडते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर झाडांच्या विक्रीला १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. हे सगळं मूल्यात उतरलं पाहिजे: परवानगीला लागणारा काळ म्हणून तोड एखाद-दोन वर्षं पुढे ढकला, शुल्क आणि मार्किंगचा खर्च वजा करा. ९ टक्क्यांनी अंतिम तोड एक वर्ष लांबली, तर तिच्या ५.६७ लाखांतले सुमारे ४७ हजार जातात, त्या जादा वर्षाचा खर्च वेगळा. ज्या भागाच्या सातबाऱ्यावर नोंदच नाही, त्याचं मूल्य आज पूर्ण धरू नका.

ऑडिटरला झाडं दिसतात, पण ती कुणाची हे दिसत नाही. टोरांटोच्या बाजारात नोंदलेल्या सायनो-फॉरेस्ट या कंपनीचं प्रकरण याच फटीतून घडलं. युनानसारख्या चिनी प्रांतांतल्या उभ्या लाकडाचे मोठमोठे आकडे तिच्या ताळेबंदात होते. २०११ मध्ये एका संशोधन अहवालाने त्या लाकडाच्या अस्तित्वावर आणि मालकीवर प्रश्न उभे केले, २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं आणि २०१७ मध्ये ओंटारिओच्या नियामकाने फसवणूक झाल्याचा निष्कर्ष काढला. म्हणून ऑडिटसाठी फाइल अशी लावा: गट क्रमांकानुसार सातबारा, मोजणी नकाशा, भूखंडांचे जीपीएस बिंदू, घेराच्या मूळ हातलिखित नोंदी, विरळणीचे परवाने आणि त्या लाकडाच्या विक्रीची बिलं. शेवटचं सगळ्यात मोलाचं. मागच्या विरळणीला अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात किती घनमीटर, कुठल्या घेराचं, कुठल्या दराने गेलं, हे शेजारी-शेजारी ठेवलं की पुढच्या सोळा वर्षांचा अंदाज किती भरवशाचा, हे ऑडिटर स्वतःच ठरवतो. तुमच्या लागवडीत आधी विरळण्या झालेल्या असणारच. ती बिलं कुठल्या तरी कपाटात असतील. मूल्यांककाला बोलावण्याआधी ती शोधा.